दोन्ही पाणी पास, टाकी मात्र लाल

तांब्यातलं पाणी लाल होतं. विटकरी लाल. सरपंच गुलाबरावांनी तो तांब्या गद्रे मॅडमच्या हातात दिला नाही. पंचायतीच्या ओट्यावर ठेवला आणि दोन बोटांनी पुढे सरकवला.

"पाहा जी म्याडम. मी काही बोलत नाही. पाणीच बोलून राहिलं."

ओट्याखाली माणसं जमली होती. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला वस्ती. मधे बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी राहिली होती. कोणी तशी ठेवली नव्हती, आपोआप राहिली होती.

उमरेडच्या रस्त्याला एस.टी.तून उतरून आत बरंच चालावं लागे, असं ते गाव. नाव सांगत नाही. गावात जुनी दगडी विहीर होती. नाल्यापलीकडे बौद्धांची वस्ती. मोठ्या दुष्काळानंतर सरकारनं वस्तीत बोअर मारून दिली होती. पण उन्हाळा लागला की विहीर तळ गाठायची आणि बोअर दम टाकायची. म्हणून दोन्हींचं पाणी टेकाडावरच्या एकाच टाकीत घ्यायचं आणि तिथून गावाला, वस्तीला सगळीकडे नळ द्यायचे, अशी योजना मंजूर झाली. टाकी बांधून झाली. नळ सोडले. पाणी लाल आलं.

विहिरीचं पाणी वेगळं काढलं तर काचेसारखं. बोअरचं वेगळं काढलं तरी काचेसारखं. एकत्र केलं की लाल.

गावानं याचा जो अर्थ लावला तो कोणी मोठ्यानं म्हणत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होता. सरपंचांचा अर्ज बीडीओसाहेबांकडे गेला होता. टाकी गावाकडे राहू द्यावी, वस्तीला बोअरवर वेगळी छोटी टाकी द्यावी. साहेब सोमवारी येऊन निकाल देणार होते. त्याआधी आमच्या लॅबचा रिपोर्ट पाहिजे होता.

एका टाकीचा आग्रह धरला होता तो वस्तीच्या तुळशीराम मेश्राम यांनी. नागपूरच्या गिरणीत जन्म काढून गावी परतलेला उंच माणूस, पंचायतीचा मेंबर. ओट्यावर जागा होती, तरी ते उभेच होते.

"म्याडम, मी वस्तीले सांगून ठेवलं होतं, टाकी एकच होईन," ते म्हणाले. "आता आमचेच लोक मले विचारून राहिले, काहून गेले त्याइच्या पाण्यात पाणी मिसळाले? मी काय सांगू? तुमी फक्त इतकं सांगा, हे लाल काहून होते."

मॅडमनी तांब्या उचलला. वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं. गर्दीतून कोणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

"माहीत नाही अजून," त्या म्हणाल्या. "परब, बाटल्या काढा."

परब म्हणजे मी. देवगडकडचा. आठवीत शाळा सुटली आणि चुलत्याच्या ओळखीनं नागपूरला एका सरकारी पाणी तपासायच्या लॅबमधे अटेंडंट म्हणून चिकटलो. बाटल्या धुणं, लेबलं लावणं, जीपमधे पेट्या चढवणं हे काम. घर इतकं लांब की वर्षाकाठी एकदाच जाणं व्हायचं. नोकरी टेंपररी होती. मला कायम वाटायचं की आज माझ्या हातून काहीतरी फुटणार आणि उद्या मी गाडीत बसलेला असणार. गद्रे मॅडम आमच्या केमिस्ट. माझ्या हातून बऱ्याच गोष्टी फुटल्या, पण मॅडमनी कधी वर कळवलं नाही. हे लिहायला बसलो त्यात त्याचीही थोडी परतफेड आहे.

त्या दिवशी मला भीती वाटायला आणखी एक कारण होतं. टाकी बांधण्याआधी या दोन्ही पाण्यांची सॅम्पलं आमच्याच लॅबमधे आली होती. दोन्ही पास झाली होती. पास केल्याची सही मॅडमची होती.

"ती सॅम्पलं आणली कोणी?" मॅडमनी जीपजवळ मला हळूच विचारलं.

"बांधकामाच्या ओव्हरसियरनी. लॅबला आली तोवर बरेच दिवस झालेले."

"आणि बाटलीच्या तळाला काही साका होता?"

मी आठवून पाहिलं. बोअरच्या बाटलीत होता थोडा पिवळा. नियमाप्रमाणे वरचं निवळ पाणी तपासायला घेतलं होतं. मी ते सांगितलं आणि मान खाली घातली.

"तुम्ही कशाला मान घालता? नियमच तसा आहे," मॅडम म्हणाल्या. "जे शोधायचं ते तळाला बसलं आणि आपण वरचं तपासलं."

या वेळी सॅम्पल घ्यायची पद्धत वेगळी होती. बोअरचं पाणी बराच वेळ वाहू द्यायचं. मग नळी बाटलीच्या तळाशी नेऊन पाणी वरून ओसंडेपर्यंत भरायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. एका बाटलीत ॲसिडचे थेंब टाकायचे, म्हणजे विरघळलेलं आहे ते विरघळलेलंच राहतं. बूच लावून बाटली उलटी करायची. बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरायची. माझा बुडबुडा काही केल्या जाईना. वस्तीतल्या बाया बघत उभ्या होत्या.

"काय गा भाऊ, पाणी भराले येत नाही का तुले?" एकीनं विचारलं. त्या म्हणजे मेश्रामजींच्या घरच्या, वस्तीतले सगळे त्यांना काकी म्हणत. "आन इकडे, मी भरून देतो."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. बाटल्या झाल्यावर काकींनी मला चहा दिला. चहाचा रंग निळसर काळा होता. दूध असूनसुद्धा. मी कपाकडे बघत राहिलो.

"पी ना गा. आमच्याकडे असाच होते. बोअर मारली तेव्हापासून."

मी प्यालो. चव चहाचीच होती, मागे थोडी खिळा चाटल्यासारखी.

परत येताना जीपमधे मॅडमनी विचारलं, "वस्तीत चहा घेतलात?"

मला वाटलं, ड्यूटीवर चहा घेतला म्हणून बोलणार. "आग्रह केला म्हणून घेतला, मॅडम."

"रंग कसा होता?"

"काळा. शाईसारखा."

मॅडमनी ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली. डायरी काढून काहीतरी लिहिलं आणि मग ड्रायव्हरला चला म्हणाल्या. चहाच्या पत्तीत तुरट अंश असतो. पाण्यात लोखंड विरघळलेलं असेल तर दोघं मिळून काळी शाई तयार होते. जुन्या काळी लिहायची शाई अशीच करत असत. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की मी काहीतरी उपयोगाचं प्यालो.

दुसऱ्या दिवशी लॅबमधे त्यांनी दोन बीकर ठेवले. एकात विहिरीचं, एकात बोअरचं. दोन्ही इतकी स्वच्छ की कोणतं कोणतं हे लेबल बघूनच सांगावं. तिसऱ्या रिकाम्या बीकरमधे दोन्ही निम्मी निम्मी ओतली आणि मला म्हणाल्या, "बसा इथं. नुसतं बघा."

मी स्टुलावर बसलो. आधी काहीच नाही. मग पाण्याला धुरकटपणा आला, काचेवर कोणी फुंकर मारावी तसा. मग पिवळी छटा. मग ती छटा दाट होत गेली आणि पाण्यात बारीक बारीक कण तरंगायला लागले. कोणी हात लावला नव्हता, खाली आग नव्हती, कुठला पदार्थ टाकला नव्हता. चहा प्यायला जाऊन यावं एवढ्या वेळात ते पाणी लाल झालं. बाजूचे दोन बीकर होते तसेच. मी देवळात बसतो तसा हात जोडून बसलो होतो, हे मॅडम हसल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांची एक चांगली सवय होती, मला समजेल तोवर सांगायच्या.

बोअरचं पाणी खोल वालुकाश्मातून येतं. वालुकाश्म म्हणजे दाबून घट्ट झालेली वाळूच. तिच्या कणांमधल्या फटींतून पाणी मुंगीच्या पावलानं सरकतं. त्या भागात कोळशाचे थर आहेत, ते पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात. ऑक्सिजन नसला की दगडातलं लोखंड पाण्यात विरघळतं. विरघळलेलं लोखंड दिसत नाही, विरघळलेली साखर दिसत नाही तसं. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि गंज पाण्यात राहत नाही, खाली बसतो.

"पण मग बोअरचं पाणी बीकरमधे उघडं आहे. ते का लाल झालं नाही?" मी विचारलं.

"छान. ते थोडं आंबट आहे. आंबट पाण्यात हे काम फार सावकाश चालतं. रात्रभर ठेवलं तर जेमतेम पिवळं होईल. आता विहीर बघा. वरच्या काळ्या मातीतून, चुनखडीतून झिरपलेलं पाणी. जड आहे, आंबटपणाच्या उलट गुणाचं आहे. ते मिसळलं की आंबटपणा मरतो आणि तेच काम झपाट्यानं होतं."

"म्हणजे दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही. एकाकडे लोखंड आहे, दुसऱ्याकडे ते बाहेर काढायची ताकद आहे."

हे घेऊन आम्ही चौबेसाहेबांकडे गेलो. चौबेसाहेब लॅबचे इनचार्ज. माणूस वाईट नव्हता, फाइल लवकर बंद व्हावी एवढीच त्यांची इच्छा असायची. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"तो मॅडम, सीधी बात है. दोन्ही सोर्स वेगळे ठेवा. एक ओळीचा रिपोर्ट. मी सही करतो."

"ते बरोबर आहे, सर."

"बरोबर आहे ना? फिर?"

"बरोबर आहे, पण गावात त्या ओळीचा अर्थ दुसराच होईल. सरकारी शिक्क्यानं होईल."

चौबेसाहेब थोडा वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी खेळले. "हम पानी की लॅब है, मॅडम. गावचं भांडण आपलं डिपार्टमेंट नाही."

"नाही. पण पाणी आपलं डिपार्टमेंट आहे, आणि हे पाणी साफ होऊ शकतं. सोमवारपर्यंत मला कॉलम चालवू द्या."

"नाही झालं तर?"

"तर तुमची ओळ. मीच लिहून देईन."

कॉलम म्हणजे एक लांब काचेची नळी, आत वाळू भरलेली. जमिनीचा एक उभा तुकडा काचेत बघायची सोय. मी कन्हान नदीची वाळू चाळली, धुतली, पुन्हा धुतली. धुतलेलं पाणी निवळ येईपर्यंत धुवायची. मग नळीत थोडी थोडी ओली वाळू सोडत, काठीनं ठोकत भरली, मधे हवेचा खड्डा राहू नये म्हणून. वरून दोन्ही पाण्यांचं मिश्रण थेंब थेंब सोडायचं, खालून येईल ते बीकरमधे घ्यायचं.

पहिला बीकर पिवळा आला. दुसराही पिवळा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत पिवळाच.

मला वाटलं, वाळू नीट धुतली नसेल, भरताना फट राहिली असेल, चूक माझीच असणार. मी तसं म्हणून टाकलं. मॅडम नळीजवळ डोळा नेऊन बघत होत्या.

"इकडे या. खाली बघू नका, मधे बघा."

वाळूच्या वरच्या भागात लाल पट्टा उतरला होता. त्याची खालची कड सरळ नव्हती. कुठे जीभ काढल्यासारखी पुढे गेलेली, कुठे मागे राहिलेली. प्रत्येक थेंबाला वेगळी वाट मिळत होती. मोठ्या कणांमधून एक झटकन पुढे जायचा, बारीक कणांत दुसरा अडकायचा, पुढे दोघं कुठंतरी भेटायचे. एवढ्याशा नळीत इतक्या वाटा होत्या. पूर्ण गावाखाली किती असतील, हा विचार आला आणि मला पायाखालची फरशी पातळ वाटायला लागली.

मी मॅडमना आमच्या गावची गोष्ट सांगितली. आमची विहीर समुद्राला लागून. वर गोडं पाणी, खाली खारं. दोघांमधे भिंत नाही, पडदा नाही, तरी ती मिसळत नाहीत. कळशी वरच्यावर भरायची, जोरानं उपसायचं नाही. एका लग्नात कोणी पंप लावला आणि सगळ्या वरातीला खारं पाणी पाजलं.

"अगदी हेच," मॅडम म्हणाल्या. "जमिनीत पाणी ढवळायला कोणी नसतं. दोन पाणी एकमेकांना काठाकाठानं भेटतात. जे काही व्हायचं ते त्या काठावर होतं."

मॅडमनी दोन गोष्टी बदलल्या. कॉलममधे जायच्या आधी मिश्रण त्यांनी पत्र्याच्या पायऱ्यांवरून पातळ धारेनं पाडलं, म्हणजे त्याला भरपूर हवा लागेल. आणि वाळू बदलली नाही. मला वाटलं होतं, ती घाण झाली, आता फेकायची.

"मुळीच नाही. लाल झालेला कण नव्या गंजाला जास्त चांगला धरतो. गंजावर गंज पटकन चढतो."

शनिवारी पिवळेपणा कमी झाला. रविवारी सुट्टी असून आम्ही लॅब उघडली. खालून पडणारे थेंब बीकरमधे जमले. मी तो बीकर खिडकीशी नेला, पांढऱ्या कागदावर ठेवला, वरून बघितलं, बाजूनं बघितलं. कागद पांढराच दिसत होता. वरच्या वाळूत लाल पट्टा आणि खाली हे. मी बीकर मॅडमसमोर नेऊन ठेवला. 

सोमवारी तो कॉलम मांडीवर धरून मी जीपमधून गेलो. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेतलं.

ओट्यावर बीडीओसाहेब, गुलाबराव. खाली तीच गर्दी, मधली तीच मोकळी जागा. मेश्रामजी आले, सगळ्यांना "जयभीम" म्हणाले. "राम राम," सरपंच म्हणाले. मॅडमनी सगळ्यांसमोर दोन पाणी मिसळून लाल केलं, वाळूतून सोडलं आणि खालून आलेलं निवळ पाणी ग्लासात घेऊन त्या स्वतः प्यायल्या. लोक पुढे सरकले.

गुलाबराव हसले. "काचेच्या नळीत ठीक आहे जी म्याडम. शहराची जादू आहे. पण मी काय म्हणतो, जग झालं तेव्हापासून हे दोन पाणी कधी भेटले नाही. जे वरच्यानं वेगळं ठेवलं ते आपण काहून एकत्र करावं? माह्या मनात काही नाही."

 तेवढ्यात काकी कॉलमपाशी आल्या. लाल झालेल्या वाळूच्या पट्ट्याशी त्यांनी नाक नेलं.

"हे तं आपली खदानीतली माती होय वं," त्या मागे वळून बायांना म्हणाल्या. "भिंतीची."

"कुठली माती?" मॅडमनी विचारलं.

"सणाले भिंती सारवतो ना जी, खाली लाल पट्टा मारतो. त्याची. नाल्यात मिळते."

मी वर बघितलं. समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीला जमिनीलगत लाल पट्टा होता. त्याच्या बाजूच्या घरालाही. सरपंचांच्या घरालाही. वस्तीतल्या घरांना होता, हे मी चहा पितानाच पाहिलं होतं, पण पाहिलं आणि सोडून दिलं होतं.

"दाखवाल मला?" मॅडम म्हणाल्या.

सगळी सभा उठून नाल्याकडे चालायला लागली. बीडीओसाहेबही निघाले, पँट वर खेचून. नाला गाव आणि वस्ती यांच्या बरोबर मधे. उन्हाळ्यानं जवळजवळ कोरडा. दरड पुरुषभर उंच होती. वरचा भाग राखाडी माती, चुनखडीचे खडे. खालचा भाग फिकट वाळू. आणि दोघांच्या मधोमध, हातभर रुंदीचा एक लाल पट्टा, दरडीतून दूरवर गेलेला. कुठे जीभ काढल्यासारखा पुढे, कुठे मागे. माझ्या हातातल्या काचेत होता तसाच.

मॅडम त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग त्यांनी हात पट्ट्यावर ठेवला. बोट ओलं झालं.

"गुलाबराव," त्या म्हणाल्या, "वरून तुमच्या बाजूचं पाणी झिरपतं. खालून यांच्या बाजूचं वर येतं. दोघं इथं भेटतात. आजही भेटून राहिले आहेत, हात लावून बघा." त्या कधी नव्हे ते नागपुरी बोलल्या, त्यांना कळलंही नसावं. "गाव नव्हतं तेव्हापासून हे चालू असेल. तेव्हा वाळू मधे होती, म्हणून लाल इथं राहिलं. तुमच्या टाकीत वाळू नाही, म्हणून ते नळाला आलं. फरक एवढाच."

 एक म्हातारा गावकरी पुढे झाला, त्यानं पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बघत राहिला. मीही बघत होतो. जमिनीखाली, कोणाच्या परवानगीशिवाय, थेंबाथेंबानं हे होत आलं होतं, आणि त्याचा रंग काढून दोन्हीकडच्या बाया आपापल्या भिंती रंगवत होत्या. त्या दुपारी मला जमिनीची जी भीती वाटली ती चांगल्या जातीची भीती होती.

बीडीओसाहेब व्यवहारी माणूस. "मॅडम, टाकीआधी वाळूचा फिल्टर बांधायचा, हेच ना? खर्च?"

"दगडाच्या पायऱ्या, एक हौद, वाळू आणि गोटे. गोटे या नाल्यातच आहेत."

"आणि नंतर?"

"वाळू अधूनमधून गाळानं भरून येईल. वरचा थर खरवडून धुवावा लागेल. माणसांनी हौदात उतरून."

इथं पुढे सरकलेली माणसं एक पाऊल मागे सरली. घाण काढायला कोणाला उतरवतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला परक्यालासुद्धा कळलं. मी मेश्रामजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"वाळू धुवाले लोक भेटतीन," गुलाबराव म्हणाले. "त्याची काळजी नाही."

"कोणते लोक?" मेश्रामजींनी विचारलं.

"आता हे काय विचारणं झालं, तुळशीराम. भेटतीन कोणी."

"एक खेप वस्ती उतरन, एक खेप गाव उतरन. हे लिहून होत असन तं टाकी एक. नाही तं मले टाकी नको. म्याडमनं पाणी साफ करून देल्लं, त्याहिचे उपकार. पण मी वस्तीले टाकी देतो म्हणालो होतो, काम नाही."

"पोट्टे उतरतीन आमचे," गुलाबराव गावच्या पोरांकडे हात करून म्हणाले.

"पोट्टे नाही. पहिल्या खेपेले कोण, नाव सांगा."

गुलाबराव गर्दीकडे बघत राहिले. गर्दी नाल्यातल्या गोट्यांकडे बघत होती. बीडीओसाहेबांनी घड्याळ पाहिलं.  केमिस्टला बोलायला आता काही उरलंच नव्हतं. मला तर कॉलम धरून हाताला रग लागली होती, पण खाली ठेवायची हिंमत होत नव्हती.

"माह्यं नाव लिहा," शेवटी गुलाबराव म्हणाले. "गुडघे दुखतात माहे. पण लिहा."

"मी हात देईन उतरताना," मेश्रामजी म्हणाले. "गुडघे माहेही दुखतात."

मागून काकी म्हणाल्या, "दोघंही अडकले तं काढन कोण?" आणि नाल्यात उभी असलेली सगळी माणसं, अलीकडची आणि पलीकडची, एकदम हसली.

फिल्टर पावसाळ्याआधी झाला. सुरुवातीला पाणी पिवळंच आलं. गुलाबरावांचा निरोप लॅबला आला, "जादू संपली का जी?" मॅडमनी उलट निरोप धाडला की वाळूला लाल होऊ द्या, धुवायची घाई करू नका. वाळू लाल झाली आणि पाणी निवळलं. सॅम्पल आणायला मला एकट्याला पाठवलं. या खेपेला बाटलीत बुडबुडा राहिला नाही. रिपोर्ट पास आला. खाली मॅडमच्या सहीशेजारी चौबेसाहेबांनीही सही केली, आणि फाइल बंद करताना म्हणाले, "चलो, एक ओळ वाढली, पण बंद तर झाली."

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. काही घरं पुढेही विहिरीचंच पाणी भरत राहिली. खेपांवरून भांडणं झाली, एकदा हौद बरेच दिवस तसाच पडून पाणी परत पिवळं आलं, मग पुन्हा दोन्हीकडचे उतरले. पण टाकी एकच राहिली. खरवडलेला लाल गाळ बाया टोपल्या भरून न्यायच्या, दोन्हीकडच्या. नाल्याच्या खदानीपर्यंत कोण जाणार आता, म्हणायच्या.

काकींनी मला चहा दिला. सॅम्पल आणायला गेलो होतो तेव्हाचीच गोष्ट. छान तांबूस होता. त्या मात्र नाखूश होत्या.

"पाणी चांगलं झालं गा परबभाऊ. पण चहाले आता रंगच येत नाही."

मी त्या लॅबमधेच कायम झालो, तिथूनच रिटायर झालो. जाताना लॅबच्या नव्या पोरांनी काही सांगा म्हणून आग्रह केला. माझं शिक्षण आठवीचं, मी काय सांगणार. एवढंच सांगितलं की दोन बाटल्या वेगवेगळ्या पास झाल्या म्हणजे टाकी पास झाली असं धरू नका, मिसळूनही बघा. आणि मिसळल्यावर लाल झालंच, तर टाकी फोडायला निघू नका. आधी वाळू घाला. मग ती वाळू धुवायला कोण उतरणार, त्याचं नाव लिहून घ्या.